तीन किलोचा मेंदू

अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटच्या ‘गॅलापागोस’ (१९८५) या कादंबरीत एका बेटावर अडकून उरलेल्या मोजक्या माणसांचे वंशज दहा लाख वर्षांत लहान मेंदूचे, सीलसारखे प्राणी होतात. ती वाचून बरेच जण एकच निष्कर्ष काढतात: माणसाची अक्कल त्याच्या मुळावर उठली, सीलसारखे झालो तेच बरं. मला हे वाचन आळशी वाटतं. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ एवढंच सांगायचं असतं तर त्यासाठी अख्खी कादंबरी कशाला?

आधी बोलतोय कोण ते पाहा. कथा सांगणारा लिऑन ट्राउट हे भूत आहे. व्हिएतनामनंतर सैन्यातून पळून स्वीडनला गेलेला वेल्डर. माल्मोच्या गोदीत पोलादी पत्र्याने मुंडकं उडालं. दहा लाख वर्षं माणसं पाहून तो सगळं खापर फोडतो ‘तीन किलोच्या मेंदू’वर. खरा मेंदू भरतो १.३ ते १.४ किलो. म्हणजे गाऱ्हाणं सांगताना हा गडी माप दुपटीने फुगवतो. मग त्याचा निवाडाही त्याच तराजूत तोला.

कादंबरीचा नेम कुठे आहे ते इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल बंदराच्या उपासमारीत दिसतं. जमीन नापीक झालेली नाही, उल्का पडलेली नाही. कागदी पैशाबद्दल लोकांचं मत तेवढं बदललंय, आणि पोरं उपाशी मरतायत. टिंगल बुद्धीची नाही. मताला वस्तुस्थिती मानायच्या खोडीची आहे.

सूर्यास्ताआधी मरणाऱ्या पात्राच्या नावाआधी तारका (*) येते, तिच्याकडे गंमत म्हणून पाहू नका. ‘मरणार का?’ हा प्रश्नच संपतो आणि लक्ष ‘हा असं का वागतोय?’ यावर जातं. (घाईत वाचणारे नेमकी तीच ओलांडतात.)

आता मेंदू लहान का होतो? निसर्गाला शहाणपण सुचलं म्हणून नाही. निमुळती कवटी पाण्यात कमी अडते, मासे जास्त सापडतात, बस्स. ‘निसर्गाने चूक सुधारली’ असं वाचलं की इथेच गल्लत होते. शिवाय सान्ता रोसालिया या काल्पनिक बेटावर माणसाचा वंश टिकतो तो मेरी हेपबर्न या जीवशास्त्राच्या शिक्षिकेच्या उपद्व्यापामुळे: जहाजाच्या कप्तानाच्या नकळत त्याचं वीर्य वापरून, सोबत अडकलेल्या कान्का-बोनो या (काल्पनिक) जमातीच्या मुलींना गर्भ राहतो का, हे ती करून बघते. ही कल्पना निघाली ती त्याच बदनाम मेंदूतून. भूत हे सांगतं आणि पुन्हा मेंदूलाच शिव्या घालतं!

उलट मॅन्डरॅक्स हे खिशातलं यंत्र बेटावर भाषांतरं करतं, सुभाषितं ऐकवतं आणि उपयोग शून्य.

आणि दहा लाख वर्षांनी, हात जाऊन सीलसारखी वल्ही आल्यावरही, किनाऱ्यावर कुणी पादलं की बाकीचे हसतातच.