क्वोका हसत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटातलं वळण, कठड्यावर बसलेली माकडीण, तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू आणि भाच्याने पुढे केलेली वेफर्सची पुडी. माकडिणीचा हात पुडीत, भाच्याचं तोंड कॅमेऱ्याकडे. खाली लिहिलं होतं, ‘जंगलातले मित्र’. मामा, मावश्या, चुलत भावंडं, सगळ्यांनी बदाम पाठवले. मी लिहिलं, ‘बाळा, त्यांना असलं खायला घालू नकोस रे.’ पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘आत्या, मग तुझा त्या क्वोकाबरोबरचा फोटो काय आहे?’

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोटो आला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, खाली पडलेली, माकडांनी कुरतडलेली सतरा शहाळी त्याने ओळीने मांडून ठेवली होती. खाली एकच ओळ, ‘यांना कोण समजावणार?’

भाच्याचा प्रश्न रास्त आहे, आणि दादाचाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये राहून मला दहा वर्षं होऊन गेली. इथून गोव्याला उपदेश पाठवणं फार सोपं असतं, म्हणून आधी भाच्याला उत्तर देते.

क्वोका म्हणजे कांगारूच्या कुळातला, मांजराएवढा प्राणी. जगात तो फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडतो. मुख्य भूमीवर कोल्ह्यांनी आणि रानात सुटलेल्या मांजरांनी त्याचा जवळजवळ फडशा पाडला, पण पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरासमोरच्या रॉटनेस्ट बेटावर तो टिकला, कारण तिथे कोल्हा पोहोचला नाही. १६९६ मध्ये आलेल्या डच दर्यावर्दी व्लामिंगला हे मोठे उंदीर वाटले आणि त्याने बेटाला ‘उंदरांचं घरटं’ असं नाव देऊन टाकलं. आज त्या १९ चौरस किलोमीटरांत सुमारे १०,००० क्वोका आहेत. २०१७ च्या अखेरीस टेनिसपटू रॉजर फेडररने क्वोकाबरोबर काढलेला फोटो जगभर फिरला. तेव्हापासून बोटीतून उतरणारा प्रत्येक माणूस तसाच फोटो घ्यायला येतो. मीही तशीच गेले होते.

क्वोका फोटोत हसताना दिसतो, पण ते हसू नव्हे. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. घाबरलेला, आजारी, तहानलेला क्वोकासुद्धा तसाच दिसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. झुडपाची एक डहाळी मोडून मी त्याच्या नाकासमोर धरली. जवळच एक वयस्कर बाई उभ्या होत्या, बेटावर स्वयंसेवक म्हणून वाटाड्याचं काम करणाऱ्या. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याशेजारी येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, डहाळी टाकून दे, फोन जमिनीपाशी धर आणि हलू नकोस. यायचं की नाही ते त्याला ठरवू दे.

आम्ही दहा-बारा मिनिटं तशाच बसलो. दोन क्वोका पाठ फिरवून निघून गेले. तिसरा पुढचे इवलेसे पंजे छातीशी धरून उड्या मारत आला, माझ्या चपलेचा वास घेतला, मग फोनचा. काचेला त्याचं ओलं नाक लागलं. त्याच्या मिशांत वाळूचे कण अडकलेले मला दिसले. मग त्याला कंटाळा आला आणि तो गेला. भाच्या, तू म्हणतोस तो फोटो हाच. नाकाच्या ओलाव्यामुळे त्याचा अर्धा भाग धूसर आला आहे. डहाळीचा फोटोही माझ्याकडे आहे आणि तो जास्त छान आला आहे. तो मी कुणाला दाखवत नाही.

क्वोकाला हात लावला किंवा खायला घातलं तर ३०० डॉलर दंड होतो. गोव्यात हे सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘तुमच्याकडे दंड आहे म्हणून लोक ऐकतात.’ तसं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये क्वीन्सलँडच्या क्गारी बेटावर दोन बायकांना प्रत्येकी २,३०० डॉलर दंड झाला. दोघी डिंगोंच्या, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्यांच्या, अगदी जवळ गेल्या होत्या. एक तर झोपलेल्या पिल्लांशेजारी आडवी झाली होती. त्यांनी स्वतः टाकलेले फोटो आणि व्हिडिओच पुरावा ठरले. त्याच महिन्यात त्या बेटावर धावायला गेलेल्या एका बाईवर डिंगोंनी हल्ला केला आणि त्या कळपाच्या म्होरक्याला मारून टाकावं लागलं. माणसाची भीती मोडलेल्या प्राण्याचा शेवट इथेही असाच होतो.

याहून जास्त मला शिकवलं ते मंकी मियाने. पर्थच्या उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवरचा हा किनारा. १९६० च्या दशकात तिथले मासेमार डॉल्फिनना मासे देऊ लागले. डॉल्फिन रोज किनाऱ्याला येऊ लागले, पाठोपाठ पर्यटकही आले. गुडघाभर पाण्यात उभं राहून डॉल्फिनच्या पाठीवर हात ठेवलेले फोटो, याहून प्रेमळ दृश्य सापडणार नाही. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की हातून मासे खाणाऱ्या माद्यांची पिल्लं इतर पिल्लांपेक्षा जास्त मरत होती. आई तासन्‌तास उथळ पाण्यात आशेने थांबायची, तिथे पिल्लाला धड पाजता यायचं नाही, शिकार शिकवता यायची नाही. १९९० च्या दशकात नियम कडक झाले. आता ठरावीक माद्यांना वनरक्षकांच्या देखरेखीखाली थोडेच मासे मिळतात आणि स्पर्शाला मनाई आहे. त्या जुन्या फोटोंतल्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तरीही पिल्लं गेली.

हे वाचल्यापासून गोव्यातल्या सिंकेरीच्या समुद्रातल्या होड्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी हाळी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एक पाठ पाण्यावर आली की सात-आठ होड्या इंजिन रेटत तिच्याभोवती जमतात. हे आपले कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच जगतात, खोल समुद्रात निघून जाणं त्यांना जमण्यासारखं नाही, आणि जागतिक पातळीवर त्यांची नोंद धोक्यात आलेली जात अशी आहे. इथे ऑस्ट्रेलियात डॉल्फिनपासून ५० मीटर अंतरावर होडी थांबवावी लागते. होडीवाल्याचं पोट त्या फेरीवर आहे, हे मला कळतं. पण गिऱ्हाईक आपण आहोत. ‘लांबूनच दाखव, इंजिन बंद ठेव, नाही दिसले तरी पैसे देईन’ एवढं म्हणायला कायदा लागत नाही.

आता दादा.

दादाला मी क्वोकाचं उदाहरण देऊ शकत नाही, कारण क्वोका कुणाचा माड रिकामा करत नाही. बेटावरचे लोक फेरीबोटीच्या तिकिटांवर आणि भाड्याच्या सायकलींवर जगतात, त्यांना क्वोकावर प्रेम करणं परवडतं. इथलाही ज्या शेतकऱ्याच्या गव्हात कांगारू शिरतात, तो त्यांच्याकडे कौतुकाने बघत नाही. सरकारी परवाना काढून गोळी घालतो. म्हणून गोव्यात उपद्रवी प्राण्यांची यादी करायची चर्चा निघते, २०१६ मध्ये तर त्या यादीच्या चर्चेत मोराचंही नाव आलं होतं, तेव्हा परदेशातून ‘अरेरे’ म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. माकडं, शेकरू, रानडुकरं, गवे, सगळ्यांचा हिशेब कुळागरवाल्याच्या वहीत असतो.

पण दादा, भाच्याचा फोटो आणि तुझी सतरा शहाळी हा एकच विषय आहे. माणसाच्या हातात खाणं असतं हे शिकलेली माकडीण घाटाच्या कठड्यावर थांबत नाही. ती पिल्लालाही तेच शिकवते. तुझे फटाके आणि गलोल यांना ती का घाबरत नाही, याचं निम्मं उत्तर त्या पुडीत आहे. फोटो काढणारा गाडीत बसून बेळगावला जातो आणि त्या फोटोची किंमत तू भरतोस. कधी ती माकडीणच भरते, गाडीखाली येऊन. हे टोपीमाकड भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच सापडत नाही. क्वोकाइतकंच ते आपलं एकट्याचं आहे.

जानेवारी २०२० मध्ये आपल्याच तालुक्यात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचा संशय होता. मला इथे रात्रपाळीत ते फोटो आले. म्हादई अभयारण्यात वाघ आहेत हे वर्षानुवर्षं ऐकलेल्या कित्येकांनी आपला वाघ पहिल्यांदा पाहिला तो असा. पुढे २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व्याघ्र क्षेत्र अधिसूचित करायचा आदेश दिला आणि वाद पेटला. गावं उठवणार का, काजूच्या बागायतींचं काय, ही भीती खोटी नाही. वाघ हवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी मेलेल्या गुराची भरपाई वेळेवर मिळावी म्हणून तेवढ्याच जोराने बोलायला हवं. ते आम्ही बोललो नाही.

अंतर राखून प्राण्याला आपलं मानणं आपल्याला परक्यांकडून शिकायचं नाही. झुवारीकाठच्या दुर्भाट परिसरात गावडे समाजाचे लोक पौष अमावास्येला चिखलाचं माणगे, म्हणजे मगर, घडवतात. अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात आणि पूजा करतात. ज्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत, उतरून शेती करायची, त्याच पाण्यात ती राहते, म्हणून हा मान. खऱ्या मगरीजवळ कुणी जात नाही. सत्तरीत वाघ्रोदेवाचे, म्हणजे वाघाला देव मानून पुजलेले, दगड आहेत, सातेरी देवी वारुळात आहे. लहानपणी पावसाळ्यात अळमी, म्हणजे रानातली अळंबी, काढायला गेलो की आजी वारुळाला आधी हात जोडायला लावायची आणि सगळी अळमी उपटू द्यायची नाही.

आजीचा हा स्वभाव आईत उतरला आहे. आई बहात्तर वर्षांची आहे, दादाने जुना फोन दिल्यापासून फोटो काढते. तिचे फोटो ग्रुपवर येतात तेव्हा बदाम येत नाहीत. न्हाणीघराच्या कोपऱ्यातला बेडूक, तुळशीच्या मंजिरीवरची मुंगळ्यांची रांग, केळफुलातून डोकं बाहेर काढणारी खार. मला हे फोटो क्वोकापेक्षा प्रिय आहेत, कारण त्यांतल्या कुणीही आईसाठी आपलं काम थांबवलेलं नसतं.

मार्चमध्ये पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजीर पक्ष्याने घरटं लटकवलं. कोळिष्टकांनी विणलेली, सालपटं अडकवलेली पिशवी आणि तिला बाजूने भोक. आईने त्या दोरीवर कपडे टाकणं बंद केलं आणि महिनाभर धुणं मागच्या अंगणातल्या काट्याकुट्यांवर वाळत घातलं. तिने रोज फोटो काढला, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून, त्यामुळे प्रत्येक फोटोत मध्येच गजाची काळी पट्टी आहे. मी फोनवर म्हटलं, ‘आई, जरा जवळ जाऊन काढ ना, पिल्लं दिसतील.’ ती म्हणाली, ‘मी पडवीत गेले की मादी चोचीतलं घेऊन बाहेरच थांबते गो. पिल्लं उपाशी राहतात.’

शेवटचा फोटो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला आहे. गज, गजापलीकडे रिकामी पिशवी, आणि खाली आईने लिहिलंय, ‘सकाळी दोन्ही उडाली. घरटं काढलं नाही. दुसरी दोरी बांधून दे म्हणून दादाला सांगितलंय.’