प्रॉम्प्ट राहू द्या, आधी फॉन्ट बघा

चहा येण्याआधीच वादाला तोंड फुटलं. विषय : सरकारी कर्मचाऱ्यांना एआयचं प्रशिक्षण.

"आयगॉट कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर व्हिडिओ बघायचे, प्रश्नांना टिक करायची, प्रमाणपत्र छापायचं. झालं!" नाना म्हणाले.

"पण प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहायला कुणीतरी शिकवायला हवंच की," बंड्या. "काम नेमकं सांगा, जुन्या चांगल्या टिप्पणीचा नमुना जोडा, मर्यादा घाला. एवढ्यानेही मसुदा सुधारतो."

"मसुदा करणार कशावरून?" नाना म्हणाले. "जुनी फाइल कृतिदेवात. तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवतो, त्यामुळे मजकूर उचलून टाकला की नुसती खिचडी. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत, आणायचा, मग पहिल्या वेलांट्या आणि रफार डोळ्यांनी तपासायचे. कृतिदेवात वेलांटी अक्षराआधी नि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडात नेमकं उलट. रूपांतर तिथेच घसरतं. पहिल्या दिवसाची सकाळ यातच जायला हवी."

"आणि स्कॅनचं काय?" ताईंनी विचारलं. "अस्पष्ट प्रतीत १ चा ९ वाचला की गट नंबर दुसऱ्याचाच. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर. बिंदू गळला की थेट ४० हेक्टर. शब्द चुकला तर कळतो, आकडा चुकला तर कळत नाही. आकडे एकूण एक मूळ कागदाशी ताडायचे."

बंड्याला हे वेळखाऊ वाटलं. "मग मशीन कशाला?"

"पत्राची भाषा सोपी करायला, लांबलचक तक्रारीतले मुद्दे काढायला," नाना म्हणाले. "शासन निर्णय मात्र त्याला विचारू नकोस. क्रमांक, दिनांक बेधडक ठोकून देतं, भाषाही अस्सल मंत्रालयी! ते शब्दापुढे शब्द रचतं, दप्तर उघडून बघत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर निर्णयाचा सांकेतांक टाकून मूळ पीडीएफ उघडायची. नाही सापडली, तर संदर्भ टिप्पणीत नको. सापडली तरी शुद्धिपत्रक निघालंय का किंवा नव्या निर्णयाने तो बाद झालाय का, ते बघायचं."

"लोकांचा अर्ज एआयमध्ये तसाच चिकटवतात, त्याचं बोला," ताई म्हणाल्या. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं बजावलं, ते गोपनीयतेपायीच.

"नाव, आधार, खाते क्रमांक गाळले की झालं ना?" बंड्या.

"नाही झालं," ताई म्हणाल्या. "गाव, गट नंबर नि वारस किती हे राहिलं, तर शेंबडं पोरगंही सांगेल अर्ज कुणाचा ते. 'अर्जदार १', 'गाव क' असं लिहायचं, खरी नावं शेवटी आपल्या संगणकावर भरायची. आणि मुळात बाहेरचं साधन वापरायची कार्यालयाची परवानगी हवी."

नानांनी परीक्षाही ठरवून टाकली : पाच संदर्भांची टिप्पणी द्यायची, त्यात एक बनावट. संदर्भ न उघडता टिप्पणी पुढे पाठवणाऱ्याला प्रमाणपत्र नाही.

"साहेबांनाही बसवायचं?"

"मान्यता त्यांची असते ना? मग पहिल्या तुकडीत तेच."