अजून संपावर

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अभिलेखागाराच्या दारात माझं पेन जप्त झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही. नियम रास्त आहे. जुन्या कागदावर शाई सांडली की डाग कायमचा, म्हणून आत पेन्सिलच चालते. पण जप्त केलेल्या पेनानेच शिपाईमामांनी रजिस्टरात माझी नोंद करावी आणि "झकास चालतंय हो" म्हणत ते स्वतःच्या खिशाला लावावं, हे कुठल्या नियमात बसतं? बदल्यात मला मिळाली बोटभर पेन्सिल, तीही टोक मोडलेली. टोकयंत्र आत न्यायला बंदी. त्यात पातं असतं.

मला बघायची होती १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनाची पत्रकं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या मागे मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन आणि थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काळातले कागद. काउंटरवरच्या मॅडमनी अर्जावरचा विषय वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आंदोलन? कुठल्या पक्षाचे तुम्ही?"

कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. मग त्यांनी एक हमीपत्र पुढे सरकवलं. सदर कागदपत्रांचा वापर केवळ अभ्यासासाठी करीन, ग्रंथालयाच्या आवारात घोषणा, धरणे, उपोषण आदी प्रकार करणार नाही, वगैरे. थाळ्या बडवणाऱ्या बायकांचे कागद बघायचे तर आधी आपण थाळी बडवणार नाही असं लिहून द्यायचं. दिलं. पेन्सिलीने.

खोका येईपर्यंत बसायला सांगितलं. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या आसपासचे एक काका होते. पांढरा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, समोर तोच अर्ज. ते बाकीचे रकाने सोडून एकाच रकान्यावर अडून बसले होते आणि मॅडम त्यांच्यावर.

"काका, व्यवसाय लिहा."

"लिहिलाय की."

"हे 'संपावर' असं लिहिलंय तुम्ही."

"मग संपावरच आहे."

"कधीपासून?"

"१८ जानेवारी १९८२."

मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकांनी पाहिलं नाही, त्यांचा हिशेब पक्का होता. ते कापड गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात कामाला होते. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले त्यातले एक. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे इतिहासाच्या पुस्तकांतही लिहिलेलं असतं. पण ते वाक्य अर्जात वापरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "मागे घेतल्याचं पत्र दाखवा, लगेच निवृत्त लिहितो," काका म्हणाले. मॅडमनी खरोखर ड्रॉवर उघडून बघितला.

शेवटी रकान्यात "इतर" लिहून तोडगा निघाला. दोन्ही बाजू असमाधानी, म्हणजे तडजोड रीतसर झाली म्हणायची.

माझा खोका आला. यादीत त्याचं नाव होतं "संकीर्ण". आत सायक्लोस्टाइलचे कागद, शाई विरून जांभळट झालेली. हँडबिलांचा कागद इतका ठिसूळ की वाचताना श्वास बेताने घ्यावा लागत होता. टाचण्या गंजून प्रत्येक कोपऱ्यात तांबूस भोक. आणि तारीख एकावरही नाही! "आज सायंकाळी सहा वाजता प्रचंड मोर्चा." आज म्हणजे कधी? "परवाच्या लाठीमाराचा निषेध." परवा म्हणजे? लिहिणाऱ्यांचंही बरोबरच होतं म्हणा. संध्याकाळी मोर्चा असणारा माणूस सकाळी पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाचा विचार करत नाही. त्यातल्या त्यात आधार छापखान्याचा, कारण १८६७ च्या छापखाना कायद्याने प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण सक्तीचं होतं. म्हणजे इंग्रज सरकारने राजद्रोही पकडायला केलेली सोय आता मला तारखा लावायला उपयोगी पडते.

हे एकदा सुरू झालं की डोक्यात फिरतच राहतं. संघटनांना कचेऱ्या नसायच्या. कागद कार्यकर्त्यांच्या घरी, पलंगाखाली. दिवाळीची साफसफाई आली की चळवळीचं एकेक वर्ष रद्दीत. नीट जपून कोणी ठेवलं असेल तर ते पोलिसांनी. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्य चळवळीची साधनं छापायला घेतली, ती सरकारच्याच दप्तरातून काढली, आणि त्यात पोलिसांचे अहवाल भरपूर. कोण कुठे काय बोललं, समोर किती लोक होते, सगळं तारीखवार. आपल्याकडे एखाद्या माणसाने इतिहासात राहायचं ठरवलं तर त्याने वही ठेवण्यापेक्षा आपल्यामागे साध्या वेशातला हवालदार लागेल एवढं बघावं. हे मी गमतीने लिहायला घेतलं होतं. आता तेवढी गंमत वाटत नाही.

इतक्यात पलीकडे आवाज चढला. काकांना त्यांचा फोटो मिळाला होता. संपाच्या काळातली सभा, मंचावर संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, समोर डोक्यांचा समुद्र. काकांनी एका ठिपक्यावर पेन्सिल रोखली होती.

"हा मी."

मॅडमनी भिंग आणलं. मामांनी माझ्या पेनाची मागची बाजू फोटोवर टेकवली. "हा?"

"त्याच्या मागचा. हा कान दिसतोय ना? तो माझा."

"कानावरून ओळख पटत नाही काका."

"मग कशावरून पटते? तोंड पुढच्याने झाकलंय. त्याला कितीदा सांगितलं, खाली बस म्हणून."

काकांची तक्रार मात्र कानाची नव्हतीच. फोटोखाली टंकलिखित चिठ्ठी होती: "डॉ. दत्ता सामंत भाषण करताना, समोर श्रोते." काकांनी ती मोठ्याने वाचली, मग मला वाचायला लावली.

"श्रोते! कीर्तनाला गेलो होतो का आम्ही?"

मॅडम सरळ मनाच्या होत्या. दुरुस्ती होऊ शकते म्हणाल्या. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची छायांकित प्रत आणि प्रसंगी हजर असलेल्या दोघांचे जबाब. काका फोटोकडे बघत राहिले. "दोघं कशाला, एवढे आहेत की. पण आता यातला कोण कुठे आहे हे तुमच्या यादीत असेल तर सांगा."

यादीत नव्हतं. यादीत सामंतांच्या नावाचं कार्ड होतं, मैदानाचं होतं, फोटो देणाऱ्याचं होतं. माझ्या खोक्यातही तेच. चार पुढाऱ्यांची नावं शोधली की सापडतात. कोपऱ्यावर उभं राहून पत्रकं वाटणारी बाई शोधायची तर कुठल्या अक्षराखाली शोधायची? मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. एवढ्या कपाटांना त्या एकट्या आणि मामा दीड, कारण अर्धा दिवस त्यांना परीक्षा विभागात पाठवतात. जागा रिकाम्या आहेत, भरती नाही. संप कसे होतात याची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची ही अवस्था.

काकांनी तिथल्या तिथे निवेदन लिहिलं. भाषा फार सुरेख, सरावाची: "तरी मे. साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून 'श्रोते' हा शब्द काढून 'संपकरी कामगार' असा करावा." खाली त्यांची सही, दुसरी माझी. मॅडमनी ते उलटसुलट पाहून परत केलं. पेन्सिलीतलं निवेदन आवक-जावकला चालत नाही. आणि पेन आत चालत नाही.

बाहेर येऊन जिन्यापाशी आम्ही ते पुन्हा लिहायला घेतलं. काका पायरीवर बसले. मामा धावत आले, कपाळावर आठ्या.

"काय हो, हा ठिय्या आहे का?"

"गुडघा आहे," काका म्हणाले. "पण तुम्हाला ठिय्या म्हणून नोंद करायची असेल तर करा बापडे. तारीख तेवढी टाका."