अमेरिकेचा तो ॲप स्टोअरवाला कायदा पास झालेला नाहीये
ग्रुपवर फिरतंय की अमेरिकेत ओपन ॲप मार्केट्स ॲक्ट २०२२ मध्येच पास झाला आणि तिथल्या आयफोनवर आता दुसरं कुठलंही ॲप स्टोअर टाकता येतं. नाही हो! फेब्रुवारी २०२२ मध्ये सिनेटच्या (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) न्याय समितीने २० विरुद्ध २ मतांनी ते बिल पुढे पाठवलं एवढंच, मग पूर्ण सिनेटमध्ये ते मतदानाला आलंच नाही आणि त्या काँग्रेसची (म्हणजे तिथल्या संसदेची) मुदत संपली तसं तेही बारगळलं (२०२५ मध्ये परत मांडलंय, पण मांडलं म्हणजे कायदा झाला असं नसतं ना). दुसरी स्टोअर्स आली ती युरोपियन युनियनमध्ये, तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे, मार्च २०२४ ला आयफोनची सिस्टीम आयओएस १७.४ आल्यावर, आणि तिथेही ॲपलची मंजुरी लागतेच, कुठलंही वगैरे काही नाही.