कात टाकण्याचे संप्रेरक ‘पेशीविष’ नव्हे

कात टाकण्याच्या संप्रेरकाची नक्कल करणारी कीटकनाशके प्रयोगशाळेत कीटकांच्या पेशी मारून टाकतात, म्हणून ती सगळ्याच किडींवर चालतात आणि माणसाच्या संप्रेरकांतही ढवळाढवळ करतात, असा दावा सध्या बराच फिरतो आहे.

त्यातले पहिलेच विधान टिकत नाही. ड्रोसोफिला या फळमाशीच्या भ्रूणांपासून मिळवलेल्या केसी पेशींवर २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन हे प्रत्यक्ष संप्रेरक सोडले, की या गोलसर पेशी विभाजन थांबवतात, दोन-तीन दिवसांत चातीसारख्या लांबट होतात, त्यांना तंतू फुटतात आणि एरवी जेमतेम आढळणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्या तयार करू लागतात. मरणाऱ्या पेशीची ही लक्षणे नव्हेत. हे संप्रेरक स्टेरॉइड आहे; पण रचनेने स्टेरॉइड नसलेले, त्याची नक्कल करणारे आरएच-५८४९ हे रसायनही तेच घडवते, असे कीथ विंग यांनी १९८८ मध्ये दाखवले. ज्या पेशींत संप्रेरकाचे ग्राही प्रथिन (संप्रेरक ज्याला चिकटून आपला संदेश देते ते प्रथिन) घटले होते, त्या मात्र दोन्ही पदार्थांना दाद देत नव्हत्या. सरसकट विषाच्या बाबतीत असे झाले नसते.

मग अळी का मरते? संप्रेरकाची पातळी चढून पुन्हा उतरली, तरच कात टाकण्याची क्रिया तडीस जाते. टेब्युफेनोझाईड हे अशी नक्कल करणारे कीटकनाशक अळीच्या शरीरात लवकर मोडत नाही, त्यामुळे सुरू झालेला संदेश थांबतच नाही. अळी खाणे सोडते, अर्धवट सुटलेल्या जुन्या कवचात अडकते आणि मरते. डिशमधल्या पेशींना कात टाकायचीच नसते.

‘सगळ्या किडी’ हेही खरे नाही. टेब्युफेनोझाईड पतंगवर्गीय किडींच्या ग्राहीला फळमाशीच्या ग्राहीपेक्षा अनेक पटींनी घट्ट चिकटते. शिवाय स्प्रूस बडवर्म या अळीच्या सीएफ-२०३ पेशी ते साठवून ठेवतात, तर फळमाशीच्या डीएम-२ पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर फेकतात. अर्थात रेशीमकिडाही पतंगवर्गातलाच आहे. मराठवाड्यात तुती लावणाऱ्यांनी शेजारच्या फवारणीकडे लक्ष ठेवायचे ते याच कारणाने.

माणसात हा ग्राही नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींत याच संप्रेरकाच्या कुळातल्या पदार्थाचा जनुक चालू-बंद करण्यासाठी बटणासारखा वापर १९९६ मध्ये झाला, तेव्हा ग्राही बाहेरूनच घालावा लागला होता. मात्र एवढ्यावरून कोणतेही कीटकनाशक निर्धोक ठरत नाही. इतर मार्गांनी होणाऱ्या विषबाधेची तपासणी वेगळी करावी लागते.