फेणीच्या वाट्याचं दिल

गेल्या रविवारी फोंड्याच्या बाजारात एका कुत्रीच्या मेहेरबानीनं मला बकऱ्याचं दिल मिळालं. मिळालं, शिजवलं, खाल्लंही. पण प्रकरण अजून घशाखाली उतरलेलं नाही.

मुळात खूळ माझं नव्हे. माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. इथे होता तेव्हा झुरळ दिसलं तरी आईला हाक मारायचा. तिथे नोव्हेंबरात बंदुकीनं हरीण मारायचा नऊ दिवसांचा मोसम असतो, तेव्हा हा भडक नारिंगी जाकीट घालून शेजाऱ्याच्या मागे रानात उभा राहतो. नारिंगी अशासाठी की दुसऱ्या शिकाऱ्यानं यालाच हरीण समजू नये. २०१६पासून तिथे भडक गुलाबीही कायद्यानं चालतो म्हणे. नेम शेजारी धरतो, हा फोटो काढतो. पुष्कळ शिकारी हरणाचं पोट रानातच साफ करतात आणि दिल, काळीज (म्हणजे कलेजी), गुर्दे तिथेच कावळ्यांसाठी टाकून येतात. ते हा पिशवीत भरून आणतो. शिकारीचं मांस विकायला तिथे बंदी, फुकट द्यायला हरकत नाही. आमच्या घराण्याच्या स्वभावाला असा कायदा एकदम मानवतो.

मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. हातात मुठीपेक्षा मोठं, गडद लाल दिल, आणि गोळी आरपार गेली असेल तर त्याला भोक. गोळी वाया गेली नाही म्हणून शेजारी खूश, दिल वाया गेलं म्हणून हा हळहळतो. वरची चरबी आणि नळ्या कापायच्या, आतल्या झडपा आणि दोरे काढायचे, गोठलेलं रक्त मिठाच्या पाण्यात धुवायचं, उभं चिरून उघडायचं आणि पातळ काप करून कडकडीत तव्यावर लोणी-लसणीत टाकायचे. दिल म्हणजे काळजासारखी भुसभुशीत वस्तू नव्हे. जन्मभर एक मिनिट न थांबता चाललेला स्नायू आहे तो. एक तर झटपट भाजा, नाही तर तासन्‌तास शिजवा. मधला मार्ग धरलात की चप्पल.

हे सगळं त्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, "तू पण करून बघ रे." हा काय, तिथून बोलणार. इथे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हरीण मारणं सोडाच, त्याचं मांस फ्रिजमध्ये ठेवलं तरी वनखातं दारात. गोव्यात हरीण बघायचं तर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात तिकीट काढून, जाळीपलीकडून. इथे पावसाळ्यात लोक बेडकांच्या मागे बॅटऱ्या घेऊन शेतात फिरतात, ताटात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात आणि बंदीचा विषय निघाला की एकदम हवामानावर बोलू लागतात. आमचा आजा सत्तरी तालुक्यातला. कायद्याच्या आधीच्या काळात शिकार गावात आली की दिल-काळीज त्याच रात्री चुलीवर चढायचं, कारण सगळ्यात आधी नासतं तेच. मांसाचे वाटे दुसऱ्या दिवशी. हे मी ऐकलेलं, खाल्लेलं नाही. तेव्हा बकऱ्यावर भागवायचं ठरवलं. बकऱ्याला कोणी वन्यजीव म्हणत नाही, बिचाऱ्याचं तेच दुर्दैव.

श्रावण तोंडावर आलेला, त्यामुळे मटणाच्या दुकानात रांग. माझा नंबर आला तेव्हा ट्रेमध्ये चार दिलं ओळीनं मांडलेली होती. मी बोट दाखवलं. खाटीक म्हणाला, "तीं ना बाब, तीं सायबाचीं." आणि सुरा माझ्या खांद्यावरून मागे रोखला.

मागे एक गृहस्थ. अर्धी चड्डी, पांढरी दाढी, टी-शर्टावर 'सुशेगाद'. असा टी-शर्ट घातलेला माणूस गोंयकार नसतो, हे सांगायला नको.

"माझी म्हणजे, फेणीची आहेत," ते हसून म्हणाले.

मला आनंद झाला. म्हटलं, कोणीतरी दर्दी भेटला. "फेणीत मुरवता? काजूच्या की माडाच्या?"

"छे छे! फेणी आमची लॅब्रडॉर." आणि रांगेत पुढे सरकत त्यांनी व्याख्यान सुरू केलं. फेणी कच्च्या आहारावर आहे. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाडं, दहा टक्के अवयव, त्या अवयवांतलं निम्मं काळीज. "लोकांना वाटतं हार्ट अवयवात मोडतं. नाही! ते मांसात धरायचं. टॉरीन नावाचं पोषकद्रव्य असतं त्यात. काळीज मात्र मोजून. जास्त झालं तर अ जीवनसत्त्व चढतं. १५९७ साली डच दर्यावर्द्यांनी ध्रुवावरच्या अस्वलाचं काळीज खाल्लं होतं, माहीत आहे? अंगाची सालं निघाली."

रांगेतली एक मावशी बकऱ्याच्या पायांसाठी केव्हापासून उभी होती. तिनं विचारलं, "तें अस्वल हांगा मेळटा?"

"नाही हो, उत्तर ध्रुवावर."

"मागीर सांगता कित्याक? म्हाका पांय दी रे पयलीं."

गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुमचा कुठला? गोल्डन?"

"कुत्रा नाही माझ्याकडे."

"मग कोणासाठी?"

"मला. खायला."

त्यांनी मला चपलेपासून टकलापर्यंत पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी बरं आहे ना सगळं?"

मी विस्कॉन्सिन, हरीण, नारिंगी जाकीट असं काहीतरी बोलू लागलो. रांगेत 'हरीण' हा शब्द ऐकताच दोन डोकी वर आली, म्हणून मी तो गिळला. तोवर यांनी फोन लावला होता. स्पीकरवर.

"अगं, इथे एक काका आहेत. त्यांना एक हार्ट हवंय."

"कोणती ब्रीड?"

"ब्रीड नाही. स्वतःलाच हवंय."

पलीकडे शांतता. मग, "वय काय?"

"साठीचे असतील." (मी पंचावन्नचा आहे.)

"मग त्यांना कोलेस्टेरॉल बघून घ्यायला सांग. फेणीला मंगळवारी काय घालू?"

"चिकनचं घाल की."

"चिकनचं ती हुंगून सोडते. थांब, माझ्याकडेच बघतेय ती." पुन्हा शांतता. कुत्रीचा उसासा आख्ख्या दुकानानं ऐकला. "बरं, दे एक. लहानातलं दे."

त्यांनी ट्रेवर वाकून, दोन बोटांनी दाबून दाबून, सगळ्यांत लहान नग निवडला आणि खाटकाला म्हणाले, "हे काकांना द्या." मला म्हणाले, "एन्जॉय!" मावशी म्हणाली, "घेयात बाब, उपकार जाले." मी 'थँक यू' म्हटलं. लॅब्रडॉरला. फोनवरून.

आता यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. घरी सांगितलं तेव्हा पोरं हसून लोळली. पण आमच्या लहानपणी वजडी, दिल, गुर्दे ज्यांना मटण परवडत नसे त्यांच्या ताटात असत. खाटीक ते मटणावर घालायचा, वर विचारायचा, जास्त देऊ काय. किरिस्तांव शेजाऱ्यांकडे डुकराच्या दिल-काळजाचं सोरपोतेल व्हायचं, व्हिनेगरात दोन-तीन दिवस मुरलं की आमच्याकडे वाटी यायची. आता मटण आठशेच्या पुढे गेलं आणि गरिबाचं जे काय उरलं होतं त्याचं आगाऊ बुकिंग होतं. ज्या शेताच्या बांधावरून मी शाळेत गेलो तिथे आज फेणीची इमारत आहे, खाली पोहण्याचा तलाव आहे, आणि माझ्या नळाला दिवसाआड पाणी. एवढ्यावर मी गप्प होतो. दिलाचं मात्र लागलं.

असो. घरी आणून ते नीट साफ केलं. माडाच्या व्हिनेगरात तासभर ठेवलं. (माडाचंही आमच्याकडे एक आहेच. २०१६ साली माड हे झाड नाही असं राज्याच्या कायद्यात ठरलं, पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि ते परत झाड झालं. मधल्या काळात दारातला माड आपण काय आहोत या विचारात होता.) मीठ, मिरी, लसूण, चिमूटभर हळद. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला, काप टाकले, दीड मिनिटानं उलटले. आत गुलाबी, बाहेर खरपूस, व्हिडिओत होतं तसं.

बायकोनं एक काप उचलून उजेडात धरला. "हे कच्चं आहे."

"हे असंच खातात."

"कोण?"

मावसभावाचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. तिथली गोष्ट अशी की हरणांना मेंदू सडवणारा एक रोग असतो, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२मध्ये सापडला, आणि त्याचं कारण असलेला प्रथिनाचा कण शिजवून मरत नाही. तेव्हा तिथली मंडळी हरणाचं मुंडकं सरकारी पेटीत टाकतात आणि दहावीच्या निकालासारखी रिपोर्टची वाट बघतात. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध नाही, पण रिपोर्ट वाईट आला तर खाऊ नका असं तिथलं सरकार सांगतं. म्हाताऱ्या हरणाच्या काळजात आणि गुर्द्यात कॅडमियम साठतं ते वेगळंच. हे सगळं मीच कौतुकानं बायकोला सांगून ठेवलं होतं. शिवाय अमेरिकेचं शेती खातंही तिच्याच बाजूचं निघालं: अवयवांचं मांस आतपर्यंत ७१ अंश झालंच पाहिजे. काप कुकरमध्ये गेले, कांदा-खोबऱ्याचं वाटण पडलं, पाच शिट्ट्या झाल्या. चव चांगली होती. शाकुतीची होती.

मावसभावाला फोटो पाठवला. त्यानं रडका चेहरा पाठवला.

बाकी राहिला हिशेब. सायबाची तीन दिलं खाटकानं तशीच पिशवीत टाकली होती, काट्याला न लावता. माझं तेवढं तोललं, मटणाच्या भावानं लावलं आणि पाच रुपये सुटे नाहीत म्हणून तेही ठेवून घेतले. काल त्या वाटेनं जाताना थांबून विचारलं, त्यांना फुकट आणि मला मटणाचा भाव, हे कसं काय?

तो हात पुसत म्हणाला, "कुत्र्याच्या खाणाक कोण तोलता, बाब?"

आणि पाच रुपये काही दिले नाहीत.