सील फोडू नये

सिनेमा काय, कोणीही पाहतं. लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर पाहतात, शेअर रिक्षात शेजाऱ्याच्या मोबाइलवर फुकटात पाहतात, आमच्या सोसायटीचा वॉचमन तर रात्रपाळीत रोज दोन पाहतो. तुमचीही भूक तेवढ्यावर भागत असेल तर पुढे वाचू नका. पण तुम्हाला सिनेमा पाहायचा नसून बाळगायचा असेल, तोही जुना, कृष्णधवल, शक्यतो जपानी नाहीतर हंगेरियन, आणि तोही मुंबईत, तर चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. माझ्याकडे आजमितीला सहाशेच्या वर डिस्क आहेत. त्यांतल्या किती पाहिल्या, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. बायको सोडून ते कोणी विचारतही नाही.

आधी जागेचं बघू. ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली जास्त स्पष्ट चित्राची डिस्क, तिची डबी साधारण दीड सेंटिमीटर जाड असते. तीन फुटांच्या फळीवर अशा साठ मावतात. सहाशेंना दहा फळ्या लागतात, म्हणजे लादीपासून छताजवळ जाणारं एक कपाट. ते तीन चौरस फूट जागा खातं. आमच्या मुलुंडात चौरस फुटाला ₹२५,००० धरले, तर तुमचे सिनेमे पाऊण लाखाच्या जागेत फुकट राहतात. हा हिशेब घरात मोठ्याने करू नका. मी केला. तेव्हापासून ‘तिथे वॉशिंग मशीन आलं असतं’ हे वाक्य अकरा वर्षं ऐकतो आहे. कपाट भरलं की दिवाणाच्या पोटात शिरायचं, मग माळ्यावर. माळ्यावर गणपतीचं मखर असतं. ते सरकवायला हरकत नाही, फक्त आईच्या देखत नको.

काय घ्यावं, असा प्रश्न नवख्यांना पडतो. ‘आवडेल ते घ्या’ असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. नंबर घ्यायचे. अमेरिकेतली क्रायटेरियन ही कंपनी १९८४ पासून, म्हणजे लेझरडिस्कच्या जमान्यापासून, जगभरचे अभिजात सिनेमे काढते आहे. डीव्हीडी आल्यावर त्यांनी डब्यांच्या पाठीवर नव्याने एकपासून नंबर घातले आणि चांगली नोकरीधंद्याची माणसं कामाला लावली. आता ते नंबर बाराशेच्या पुढे गेले आहेत. कपाटात २१४ आहे, २१६ आहे आणि मधला नाही, म्हणजे समोरचा दात पडल्यासारखं दिसतं. अशा वेळी २१५ हा कोणता सिनेमा आहे, हे न बघता मागवायचा. बघून मागवला तर तो छंद कसला, ती खरेदी झाली.

खुद्द नंबरांचीही गंमत आहे. पहिला नंबर ‘द ग्रँड इल्यूजन’ला दिला आणि मग त्याची मूळ निगेटिव्ह सापडली, म्हणून काम पुन्हा पहिल्यापासून. तो डीव्हीडीवर यायला १९९९ उजाडलं. तोवर दोन नंबरचा ‘सेव्हन सामुराई’ १९९८ मध्येच बाजारात उभा. थोरलीचं अडलं म्हणून धाकटीचं उरकून घेतलं, तसं. या ‘सेव्हन सामुराई’कडे नीट लक्ष द्या. १९९८ ला डीव्हीडी, २००६ ला नव्याने तीन डिस्कची डीव्हीडी, २०१० ला ब्लू-रे, २०२४ ला त्याहून बारीक चित्राची फोर-के डिस्क. सामुराई सातच राहिले, पैसे चारदा गेले. आधीच्या प्रती विकायच्या मात्र नाहीत. तुलनेसाठी लागतात. मी ती तुलना निवृत्तीनंतर करणार आहे.

आता रीजन. इथे नवखे गळतात, म्हणून सावकाश सांगतो. एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर चालू नये म्हणून डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाचे सहा भाग पाडले. आपल्याला पाचवा दिला. सोबत रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. चीनला वेगळं पान, सहावं. ब्लू-रे आलं तेव्हा पंगती नव्याने मांडल्या: ए, बी आणि सी. ए पंगतीला अमेरिका आणि जपान, बी पंगतीला युरोप आणि ऑस्ट्रेलिया, आणि आपण सीमध्ये, रशियाच्या शेजारी, यावेळी चीनही आपल्याच रांगेत. या सी पंगतीत जुने कलात्मक सिनेमे वाढायला सहसा कोणी फिरकत नाही. त्यामुळे सरळमार्गाने घेतलेला प्लेअर तुमची अमेरिकेहून आलेली डिस्क आत घेतो, घुर्रघुर्र करतो, विचार करतो आणि बाहेर काढून देतो. टीव्हीवर एक नम्र वाक्य येतं. तेवढंच पाहून झोपायचं.

यावर इलाज म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. डीव्हीडीचं कुलूप बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवर चार बटणं दाबून निघायचं. ब्लू-रेचं बहुधा स्क्रू खोलून आत हात घातल्याशिवाय निघत नाही. तिथे तुम्ही काहीही विचारा, उत्तर ‘हो जाएगा’ असंच येतं. काय होऊन जाईल, ते विचारायचं नसतं. माझा प्लेअर तिथून आल्यापासून ए चालवतो, बी चालवतो. सी तेवढं चालवत नाही. म्हणजे जगभरचं सगळं चालतं, भारतात रीतसर विकलेली डिस्क चालत नाही. मी तो परत नेला नाही. या कपाटाला शोभणारा प्लेअर आहे तो. फोर-केच्या डिस्कला म्हणे रीजनची भानगडच नसते. इतकं सोपं झाल्यावर त्यात काय राम, म्हणून फोर-केच्या डिस्क घेतो पण प्लेअर घेत नाही.

माल आणायला पोस्ट आणि कुरिअर दोन्ही आहेत. पण एकदा माझी पेटी वाटेत कुणीतरी उघडून, आतल्या सिनेमांच्या नावांवरून नको ते तर्क करून, उलटी बंद करून पाठवली होती. कोपरा चेपला होता. कोपरा चेपणं म्हणजे काय दुःख असतं, ते तुम्हाला पहिली डबी आल्यावर कळेल. तेव्हा भाचा वापरा. न्यू जर्सीला प्रत्येक मराठी माणसाचा निदान एक भाचा असतोच. क्रायटेरियनची छापील किंमत चाळीस डॉलरला पाच सेंट कमी, आणि जुलैत व नोव्हेंबरात तिकडच्या पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानसाखळीत ती निम्मी होते. भाचा डिसेंबरात येतो. हे जुळून आलेलं नाही, मी जुळवलेलं आहे. जाताना त्याच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आमसुलं जातात. येताना स्वीडन, जपान, इराण येतात. पूर्वी तो ताईसाठी बदाम आणायचा. आता वजनात बसत नाहीत.

मागच्या खेपेला तो म्हणाला, ‘मामा, हे सगळं स्ट्रीमिंगवर आहे ना पण?’

‘आज आहे,’ मी म्हटलं, ‘महिनाअखेरीला काढून घेतील.’ सबंध छंदात हा एकच मुद्दा माझ्या बाजूने खरा आहे, म्हणून तो मी दिवसातून दोनदा वापरतो.

इथवर आलात, म्हणजे आता मुख्य नियम ऐका. सील फोडू नये. डबीवरचा तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आहे, तोवर सिनेमा तुमचा आहे. फोडला की तो सिनेमा होतो, आणि मग पाहावा लागतो. मी एका शनिवारी हा गुन्हा केला. ‘जान दिएलमान’ लावला. १९७५ चा, २०१ मिनिटांचा, २०२२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला त्यात जगात पहिला आलेला. पडद्यावर एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. सौभाग्यवती कणीक मळता मळता दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘अहो, बटाटे मीही सोलते. माझी कोणी डिस्क काढत नाही.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. (सिनेमाचंही म्हणणं बरंचसं तेच आहे, असं मागाहून आतल्या पुस्तिकेत वाचलं.) ‘सातानतांगो’ तर सात तासांच्या वर आहे. सलग सात तास मुंबईत फक्त मेगाब्लॉकच्या रविवारी मिळतात, आणि तेव्हा मामेबहीण येते.

मग सिनेमाबद्दल बोलायचं कसं? पुस्तिका. तेवढ्यापुरतं सील फोडलं तरी चालतं. आत डिस्क सुटून खुळखुळत नाही ना, ते बघायचं निमित्त असतं. वीस मिनिटांत वाचून होते आणि पुढे तासभर बोलता येतं. रंगावर बोला. ‘इन द मूड फॉर लव्ह’ नव्याने दुरुस्त करून आणला तेव्हा तो जास्त हिरवा झाल्याची ओरड जगभर झाली. दिग्दर्शकानेच तो तसा केला, त्याला काय कळतं? कुठल्याही नव्या प्रतीबद्दल ‘जरा हिरवट वाटली’ म्हणा, चूक ठरत नाही. चौकटीवर बोला. ‘बॅरी लिंडन’ची रुंदी उंचीच्या १.६६ पट असावी की १.७८ पट, यावर जाणत्यांनी वर्षं घालवली आहेत. फक्त प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींपासून लांब राहा. १९६८ पासून चालत आलेली संस्था आहे ती. तिथे येणारी माणसं सिनेमा बघतात, बाहेर येऊन चहा पितात आणि साडेनऊची लोकल पकडून घरी जातात. त्यांच्यासमोर पुस्तिका टिकत नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात. डीव्हीडी म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या दोन पातळ चकत्या चिकटवून मधे धातूचा चकचकीत थर. कडेने हवा आणि ओल आत शिरली की तो थर गंजायला लागतो. जून ते सप्टेंबर मुंबईत सगळंच सादळतं, तुमचा स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनही सादळणार. औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा. डांबरगोळ्या नकोत, एकदा ठेवल्या होत्या, आता फ्रेंच सिनेमांना आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

एक फळी मराठीसाठी ठेवा. लहान पुरेल. माझ्याकडे ‘संत तुकाराम’ आहे, प्रभातचा, १९३६ चा, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. आहे तो दोन व्हीसीडींवर. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, कोपऱ्यात विकणाऱ्याचा शिक्का, आणि तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा नेमका खालून त्याचा फोन नंबर सरकत जातो. सिनेमाला क्रायटेरियनचा नंबर नाही, पुस्तिका नाही, हिरवा झाला म्हणून भांडायला रंग नाही. उलट ‘पथेर पांचाली’ बघा. त्याच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमध्ये आगीत होरपळल्या. पुढे इटलीत बोलोन्याला एकेक फ्रेम सोडवून, सांधून, २०१५ मध्ये तो नवा होऊन आला. कोलकात्याचा सिनेमा लंडन, बोलोन्या, न्यूयॉर्क, न्यू जर्सी करत मुलुंडला पोचला आणि माझ्या प्लेअरवर चालला. पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, २००३ साली जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मची रिळं जळाली तेव्हा बोलोन्याला पाठवायला फारसं काही उरलं नाही. नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं.

पण संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत उत्तम मुंबईचाच सिनेमा आहे. ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिक टॉकीजला लागला, आपला पहिला बोलपट. पुढे टॉकीज जाऊन तिथे शॉपिंग सेंटर आलं. सिनेमाची एकही प्रत आज जगात नाही. त्या काळची रिळं आतल्या चांदीसाठी वितळवून विकली जायची, असे कितीतरी सिनेमे गेले. बघा, ‘आलम आरा’ला फळी लागत नाही, रीजन लागत नाही, ओल लागत नाही, भाच्याची बॅग लागत नाही. सील तर कायमचंच. मी कपाटात त्याच्या नावाची दीड सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली आहे. सौभाग्यवती तिथे विजेची बिलं खोचतात.

शेवटचा सल्ला भंगारवाल्याबद्दल. त्याला घरात घेऊ नका. मागच्या रविवारी रद्दीसाठी म्हणून आला आणि कपाटासमोर उभा राहिला. म्हटलं, सहज विचारू, या सगळ्याचे काय देशील? त्याने एक डबी हातावर तोलली. ‘सीडी का भाव नहीं है साहब. चांदी थोडी है इसमें.’ मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘कबूतर के लिए ठीक है, वो लटकाया है वैसा.’

स्वयंपाकघराच्या ग्रिलला खरंच दोऱ्याने एक डिस्क टांगलेली होती, चकचकीत, वाऱ्यावर गरगरत. जवळ जाऊन नाव वाचलं. ‘सातानतांगो’, दुसरी डिस्क.

‘ही कधी लावलीस?’ मी सौभाग्यवतींना विचारलं.

‘गणपतीत,’ ती म्हणाली. ‘सहा महिने झाले.’

कबुतर त्या डिस्कच्या शेजारीच बसलं होतं, तिच्याकडे तोंड करून.